हिरड्या, लिंबू आणि हरवलेलं उत्तर

परवा ब्रश करताना फेस चक्क गुलाबी आला. रिलीजच्या गडबडीत तीन आठवडे वडापाव आणि मॅगीवर काढले होते. 'सी व्हिटॅमिन कमी पडलं, दुसरं काय!' असं निदान करून गोळ्या घेऊन आलो. डेंटिस्टने दोन मिनिटांत हवा काढली. "अहो, दातांवर थर साचलाय. गोळ्या खा हवं तर, पण आधी दात साफ करून घ्या."

असो. त्या निमित्ताने शनिवारभर स्कर्व्हीचा इतिहास वाचत बसलो.

ऑक्टोबर १४९८ मध्ये वास्को द गामा आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारा साथ देईना, आफ्रिका गाठायला तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना. त्या टप्प्यात तीसेक माणसं गेली. मालिंदीला पोचताच आजाऱ्यांसाठी संत्री मागवली, म्हणजे अंदाज तेव्हाही होता!

पुढे १७४७ मध्ये 'सॅलिस्बरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंडने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एकीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड, एकीला चक्क समुद्राचं पाणी (बिचारे!). एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली, पण तोवर त्यातला एक जण कामावर हजर. आपल्या भाषेत ए/बी टेस्टिंगच की!

मग प्रश्न सुटला? छे. लिंडने १७५३ मध्ये भलं मोठं पुस्तक लिहिलं, आणि रस टिकावा म्हणून तो तासन्तास तापवून आटवायला सांगितला. इथेच घोळ झाला. आपल्या हिरड्या कोलॅजेनच्या तंतूंवर उभ्या असतात. ते तंतू पक्के करणाऱ्या एन्झाइममधलं लोह कामाच्या नादात ऑक्सिडाइज होतं, आणि सी व्हिटॅमिन स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्याला पुन्हा ताळ्यावर आणतं. पण हा दानशूरपणाच नडतो. उष्णता आणि हवा मिळाली की तेच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला वाटून ते मोकळं होतं. लिंडच्या बाटलीत आंबटपणा उरला, औषध गेलं.

१७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाने न आटवलेला लिंबूरस द्यायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही हटला. पण का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजची छोटी हिरवी घेतली, म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच जात. आंबट ते आंबट! त्यांत सी कमी, त्यात रस तांब्याच्या नळ्यांतून जायचा, आणि तांबं त्याचा नाश आणखी लवकर करतं. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परत आला. डॉक्टरांचा लिंबावरचाच विश्वास उडाला!

सुटका झाली ती नशिबाने. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी प्रयोगाला गिनीपिग घेतले. उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं, कारण उंदीर हे व्हिटॅमिन शरीरातच बनवतात. माणूस आणि गिनीपिग बनवत नाहीत.

शनिवारी अकराची अपॉइंटमेंट आहे, दात साफ करायची. वरणात लिंबू मात्र आता गॅस बंद केल्यावरच पिळतो.