घर कुणाचे? नारबोदापासून सापाच्या चिमट्यापर्यंत

नवेगाव बांध म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला मारुती चितमपल्ली आठवतात, तलाव आठवतो, हिवाळ्यात उतरणारे पक्षी आठवतात. ते रास्तच आहे. वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या या लेखकाने ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून तेव्हाच्या भंडारा आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या या गावाला आपल्या वाङ्मयाच्या नकाशावर आणले. परंतु रानातल्या प्राण्यांविषयीची करुणा वाचकाला तुलनेने सोपी असते. हरीण त्याच्या माळ्यावर राहत नाही. ढेकूण, उंदीर, डास, झुरळे, पाली आणि पावसाळ्यात उबेला घरात शिरणारा मण्यार यांच्याशी मराठी माणूस कसा वागत आला, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच ग्रंथांत आणि सणांत विखुरलेला आहे.

झाडीपट्टीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद गावाबाहेर नेतात. नागपुरात हीच ‘मारबत’ होते. तेथील काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आली आहे आणि आता तिला राजकीय बडग्यांची जोड मिळाली आहे. झाडीतल्या खेड्यांत मात्र तिचे मूळ घरगुती रूप अजून दिसते. आदल्या दिवशी दाराशी खोचलेल्या पळसाच्या डहाळ्या काढायच्या, आणि खोकला, रोगराई, डास, ढेकूण या सर्वांना नारबोदेबरोबर जाण्याची हाळी देत शिवेपर्यंत जायचे. भाद्रपदाचा पहिला दिवस, बांध्यांत पाणी साचलेले, धान उभे आणि डासांचा सुकाळ. या भागाला हिवतापाची जुनी ओळख आहे, त्यामुळे ही हाळी केवळ गंमत नव्हे. लक्षात घेण्यासारखे हे की या हाळीत ‘मर’ हे क्रियापद नाही, ‘जा’ आहे. पुतळ्याला पुढे काही ठिकाणी जाळतात. पण डासा-ढेकणांना फक्त निरोप मिळतो. आणि तीनच दिवसांनी चतुर्थीला उंदीर गणपतीच्या पायाशी बसून मखरात येतो.

याला करुणा म्हणावे काय? मला हात आखडता घ्यावासा वाटतो. शिवेपलीकडे दुसरे गाव असते, आणि त्या गावानेही त्याच सकाळी आपले डास इकडे धाडलेले असतात. मात्र उपद्रवी जीवाला संपवण्याऐवजी त्याला दुसरी जागा असू शकते, ही कल्पना या विधीच्या मुळाशी आहे, एवढे मान्य करावे लागते.

याच भागाशी महानुभावांचा निकटचा संबंध आहे. चक्रधरांचे अनुयायी निळभट्ट हे भांडारेकर, म्हणजे भंडाऱ्याचे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या पंथाने अहिंसेचा विचार अगदी मुंगीपर्यंत नेला. आपल्या हातून मुंगीलाही वैधव्य येऊ नये, अशा आशयाचे सूत्र पंथात प्रसिद्ध आहे. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. हसू द्यावे. पण ‘वैधव्य’ या शब्दात काय आहे ते नंतर विचारावे. तेथे मुंगी हा सुटा कीटक नाही, तिला घरदार आहे, तिच्यामागे रडणारे कुणी आहे. जीव लहान असल्यामुळे त्याचे दुःखही लहान असेल, हा आपला सोयीचा समज त्या एका शब्दाने मोडतो. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना पायाखाली सूक्ष्म जीव असतील म्हणून पाऊल जपून टाकणारा पुरुष रंगवला आहे. त्याच प्रकरणात, एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला उपटणाऱ्या अहिंसेची त्यांनी केलेली थट्टाही वाचण्यासारखी आहे.

रामदासांचा स्वभाव वेगळा. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात आधिभौतिक तापांची यादी देताना माश्या, डास, पिसा, ढेकूण, गोचीड अशा चावणाऱ्यांची त्यांनी जी खानेसुमारी केली आहे, ती फिरस्त्या माणसाच्या कातडीवरून आलेली आहे. त्याच दशकाच्या अखेरच्या, वैराग्याच्या समासात मात्र तीच मंडळी निराळ्या भूमिकेत येतात. माणूस ज्या घराला आपले म्हणतो त्याच घरावर उंदीर, पाली, माश्या, मुंग्या, विंचू, साप, झुरळे एकामागून एक हक्क सांगतात. समर्थांचा हेतू ममत्व सोडवण्याचा आहे, प्राणिदयेचा नाही. हे विसरून त्यांना पर्यावरणवादी ठरवणे हा अलीकडचा अतिउत्साह होय. तरीही मालकीहक्काची ही यादी वाचून झाल्यावर ‘आपल्या घरात घुसलेला उंदीर’ हे शब्द पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाहीत.

या साऱ्या परंपरेची खरी परीक्षा १८९६ साली झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत धान्याच्या वखारींच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदरावरील पिसू हा दुवा दाखवला, आणि १९०५ नंतर प्लेग आयोगाच्या मुंबईतील प्रयोगांनी तो पक्का केला. सरकारने उंदीर मारण्याच्या मोहिमा काढल्या तेव्हा धर्मभावनेतून विरोध झाला. त्या विरोधाला आज नुसते अडाणीपण म्हणणे सोपे आहे. अनेकांच्या लेखी तो भूतदयेचा प्रश्न होता. शिवाय पुण्यातल्या घरझडत्यांनंतर सरकारी हातांवर विश्वास उरला नव्हता. पण दुसऱ्या बाजूला माणसे मरत होती, आणि उंदराला शिवेवर सोडून हा रोग जाणार नव्हता. ‘जा’ म्हणणारी संस्कृती येथे निरुत्तर झाली, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

विदर्भातलेच आणखी एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला आले. पुढे त्याचे सेवाग्राम झाले. तेथे साप विपुल. बापूकुटीत आजही साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा पाहायला मिळतो. साप धरायचा आणि दूर सोडायचा. करुणेला अवजार लागते, हे त्या चिमट्याकडे पाहून जितके कळते तितके प्रवचनातून कळत नाही. अवजार नसेल तर भ्यालेल्या माणसाच्या हातात काठीच येते. अर्थात दूर, अनोळखी जागी सोडलेला साप पुष्कळदा तग धरत नाही, असे सर्पअभ्यासक आता सांगतात. तेव्हा नारबोदेच्या शिवेचा प्रश्न येथेही उभा राहतोच.

आमच्या घरांत आज उंदरासाठी चिकट पाट्या येतात. उंदीर तिच्यावर तासन् तास जिवंत धडपडतो आणि आपण पाटी घडी करून कचऱ्यात टाकतो. जुना लाकडी पिंजरा, ज्यात अडकलेला उंदीर सकाळी कुणीतरी उठून माळावर नेऊन सोडी, तो याहून सुसंस्कृत होता असे मला वाटते. त्याहून बरे म्हणजे कोठीच्या बुडाची भोके बुजवणे, धान उंचावर ठेवणे, साचलेले पाणी उपसणे. झाडीत धानाच्या वासाने उंदीर येतो, उंदरामागे साप येतो, आणि जमिनीवर निजलेल्याला रात्री मण्यार डसतो. खाट आणि मच्छरदाणी वापरली तर माणूसही वाचतो आणि मण्यारही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी जीवांची यादी होती. तीत शेवटपर्यंत उरले होते कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि लहानमोठे उंदीर. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती अनुसूचीच गेली. एखादा प्राणी उपद्रवी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार कलम ६२ खाली केंद्राकडे राहिला आहे. त्यासाठी प्रदेश आणि मुदत ठरवून द्यावी लागते.