रेषा कोठे ओढावी? : प्लॅट-पिकरिंग वाद आणि रक्तदाबाची आनुवंशिकता

उच्च रक्तदाब काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश वैद्यकात दुमत नव्हते. मतभेद होता तो हा विकार मुळात कोणत्या स्वरूपाचा, याविषयी. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट यांनी 1947 मध्ये असे प्रतिपादन केले की, ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ हा स्वतंत्र रोग असून तो बहुधा एकाच प्रभावी जनुकामुळे संक्रमित होतो. हे विशेषण एबरहार्ड फ्रांक यांनी 1911 मध्ये जर्मनमध्ये योजिले होते. वस्तुतः कारण अज्ञात असल्याची ती कबुली होती. पण कबुलीचेच पुढे नाव झाले, आणि नाव आहे त्या अर्थी वस्तूही असलीच पाहिजे, हा समज बळावला.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील जॉर्ज पिकरिंग व त्यांचे सहकारी यांनी 1954 मध्ये या समजालाच हात घातला. इतर कारणांसाठी आलेल्या बाह्यरुग्णांचे रक्तदाब त्यांनी वयोगटानुसार मोजले, तसेच उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या निकटच्या आप्तांचेही. आप्तांचा वक्र वरच्या बाजूस सरकलेला होता खरा, तथापि त्यात निरोगी व रोगी यांना विभागणारी खिंड कोठेच नव्हती. उंचीप्रमाणेच रक्तदाबही अनेक जनुके व परिस्थिती यांच्या संयोगाने ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. रुग्णांच्या मध्यमवयीन भावंडांच्या मापनांत दोन उंचवटे दिसतात, असे प्लॅट यांनी 1959 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुन्हा मांडले. पुढच्याच वर्षी प्रतिपक्षाचे उत्तर त्याच नियतकालिकात आले. थोड्या मापनांच्या वक्रात उंचवटे सहज भासतात, हे येथे विसरता येत नाही.

निर्णय लागावयास अर्धशतक गेले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय वंशाच्या 10 लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासानंतर रक्तदाबाशी निगडित जनुकस्थानांची संख्या 900 च्या घरात गेली. बहुतेक भेदांचा परिणाम पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी. पिकरिंग बरोबर ठरले. मात्र एकाच वंशाच्या लोकांवरून काढलेली जोखमीची गणिते इतरांना जशीच्या तशी लावणे धाडसाचे होय.

प्लॅट यांची कल्पना मात्र निराधार नव्हती. 1963 मध्ये ग्रँट लिडल यांनी वर्णिलेल्या कौटुंबिक विकाराचे मूळ 1994 मध्ये मूत्रपिंडातील सोडियम-मार्गाच्या एका जनुकात सापडले. 1992 मध्ये तर दोन शेजारची जनुके जोडली जाऊन झालेले संकरित जनुक अल्डोस्टेरॉनची अवास्तव निर्मिती करते, असे सिद्ध झाले. दोन्ही विकार प्रभावी आनुवंशिकतेचे, आणि दोहोंत मूत्रपिंड मीठ अडवून ठेवते. प्लॅट यांना अभिप्रेत असलेला रोग अशा रीतीने सापडला, पण मोजक्याच कुटुंबांत.

राहता राहिला रेषेचा प्रश्न. 2017 मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी ती 140/90 वरून 130/80 वर आणली. त्या देशातील प्रौढांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण त्यामुळे सुमारे 32 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेले. कोणाचेही जनुक त्या दिवशी बदलले नव्हते.