गिरणगावची जमीन आणि निम्मा पाऊस

गिरणगावाविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात माणूस केंद्रस्थानी आहे, आणि ते योग्यच आहे. नारायण सुर्वे यांच्या कवितेतला कामगार असो किंवा जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातले संपानंतर विखुरत जाणारे कुटुंब असो, आपण त्यांच्यात भूक, स्वाभिमान आणि पराभव वाचतो. ही माणसे ज्या जमिनीवर उभी होती तिच्याकडे मात्र वाचक म्हणून आपले फारसे लक्ष जात नाही. तिचाही एक इतिहास आहे, आणि तो पाण्याचा आहे.

मुंबईच्या बेटांमधल्या सखल भागात एके काळी भरतीचे पाणी शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची खिंड बांध घालून बुजवली गेली आणि पुढे भराव पडत गेले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. बाष्पयंत्रांना पाण्याची गरज असे, म्हणून अनेक गिरण्यांच्या आवारात तलाव होते. खाती, गोदामे, झाडे, मोकळे अंगण आणि हे तलाव अशी गिरणीची रचना होती. कामगारांचे जिणे दाटीवाटीचे होते, पण गिरणीची जमीन पूर्णपणे झाकलेली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही, आणि गिरण्या मात्र एकेक करून थंडावत गेल्या. मग प्रश्न उरला तो सुमारे सहाशे एकर जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे उत्तर दिले होते. जमिनीचा पुनर्विकास करायचा तर एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असे स्थूलमानाने तीन भाग होणार होते. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार केला. सुट्या तुकड्यांऐवजी सलग मोकळ्या जागा मिळाव्यात, असा तिचा आग्रह होता.

येथे एक विसंगती नोंदवायला हवी. जुनी इमारत न पाडता तिचा नवा उपयोग करणे हे साधनांची बचत करणारे धोरण आहे, असे आज आपण मानतो. त्या काळी मात्र हीच पळवाट ठरली, कारण पाडकाम केले नाही तर वाटपही टळत असे. २००१ च्या दुरुस्तीने पळवाटेचाच राजमार्ग केला. आधीपासून मोकळी असलेली जमीनच वाटपात धरायची आणि इमारती पाडून मोकळी होणारी वगळायची, असे ठरले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा संकुचित अर्थ नाकारला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

या दोन तारखांच्या थोडे आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हतबल झाले असते, हे मान्य करू. पण एका जुन्या गणिताचीही आठवण ठेवायला हवी. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखल्या होत्या, आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून येईल, निम्मे जमीन शोषून घेईल, असे त्यात गृहीत होते. म्हणजे या शहराच्या गटारांच्या आराखड्यातच मोकळी माती हा एक अलिखित भागीदार होता. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हे गृहीतक सोडून दिले. सगळे पाणी वाहून येणार असे धरून त्याने ताशी ५० मिलिमीटरच्या क्षमतेची आणि उदंचन केंद्रांची शिफारस केली. माती हरल्याची ही अधिकृत कबुलीच होती.

जर्मनीत याच सुमारास, १९८९ ते १९९९ या दशकात, रुर खोऱ्यातील एम्शर नदीकाठच्या बंद उद्योगांच्या जमिनींवर निराळा प्रयोग झाला. ड्यूसबुर्गमधल्या १९८५ साली बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचे उद्यान झाले. भट्ट्या तशाच ठेवल्या गेल्या आणि पावसाचे पाणी साठवून जुन्या पात्रात सोडले गेले. ही तुलना ताणू नये. तिथल्या जमिनीला फारसे गिऱ्हाईक नव्हते, मुंबईत ते रांगेत उभे होते. आपल्याकडे कल्पना कमी पडली नाही. ती १९९१ च्या नियमात होतीच, पण जमिनीच्या भावापुढे ती टिकली नाही.

अलीकडे हिंदमाता परिसरातले पाणी ओसरावे म्हणून महापालिकेने परळ-दादरच्या उरल्यासुरल्या मैदान-उद्यानांखाली प्रचंड टाक्या बांधल्या. पावसाचे पाणी त्यांत साठवायचे आणि ओहोटी आली की सोडायचे. जमीन जे विनामूल्य करीत होती तेच आता काँक्रीट आणि पंप करतात. ‘अधांतर’ या शब्दाचा अर्थ जमिनीचा आधार नसणे असा आहे. तो एका कुटुंबापुरता नव्हता, हे आपल्या उशिरा लक्षात येत आहे.