तळटीप १२ : ‘कॉम’ आज्ञा
१२. ‘कॉम’ ही युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत (१९७३) आलेली आज्ञा. दोन याद्या दिल्या की ती तीन रकाने छापते : फक्त पहिलीतल्या ओळी, फक्त दुसरीतल्या आणि सामाईक. ‘-१२’ लावल्यास पहिले दोन रकाने गळून छेदसंच उरतो. ‘-२३’ने पहिल्या यादीतून दुसरी वजा होते. याद्या आधी ‘सॉर्ट’ने एकाच क्रमात लावलेल्या हव्यातच, कारण ही आज्ञा दोन्हींतून एकेक ओळ वाचत पुढेच सरकते. मराठी शब्दयाद्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण संकेतांक निराळे असल्याने तोच शब्द सामाईक रकान्यातून निसटतो. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही याद्यांतले लेखन एकसारखे करून घ्यावे. (संपा.)