छत तापणारे घर: उन्हाळ्यात घरातील रुग्ण आणि वृद्धांसाठी छताला कोणता उष्णतारोधक थर निवडावा?

उन्हाळ्यात ‘उन्हात फिरू नका, घरातच थांबा’ असा सल्ला डॉक्टर देतात. पण घरच तापलेले असेल तर? काशीगावात पत्र्याच्या खोल्या आहेत, जुनी कौलारू घरे आहेत आणि इमारतींचे वरचे मजलेही आहेत. यांपैकी कुठल्याही घरात दुपारी डोक्यावरचे छत तापते आणि ती उष्णता थेट खाली राहणाऱ्या माणसांवर येते. घरात वृद्ध, लहान बाळ, गर्भवती किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर छताचा प्रश्न हा केवळ सोयीचा नसून आरोग्याचा आहे. आपल्या घरासाठी नेमके काय करावे आणि काय टाळावे, हे ठरवण्यासाठी हा लेख वाचा.

थोडक्यात महत्त्वाचे

- ऊन छतात शिरण्याआधी, म्हणजे बाहेरून अडवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.
- पत्रा आणि स्लॅब वेगवेगळ्या वेळी त्रास देतात, म्हणून त्यांचे उपायही वेगळे असतात.
- सिमेंटच्या जुन्या पत्र्याला छिद्र पाडू नका, तो कापू किंवा घासू नका.
- छताचे काम होईपर्यंत रुग्णाची झोपण्याची जागा बदला. यासाठी काहीही खर्च येत नाही.

तापलेले छत शरीराला काय करते?

आपले शरीर आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. त्यासाठी त्वचेतून उष्णता बाहेर टाकली जाते आणि घाम वाळताना शरीर थंड होते. किनारपट्टीवर हवेत दमटपणा जास्त असल्याने घाम येतो पण वाळत नाही. त्यातच तापलेला पत्रा शेगडीसारखी उष्णता फेकत असतो. त्यामुळे खोलीतील हवेचे तापमान फार वाटले नाही, तरी पत्र्याखाली बसलेल्या माणसाचे शरीर तापत राहते.

शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते. तरुण माणसाला हे जमते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा अर्धांगवायू असलेल्या व्यक्तीला ते जड जाते. वृद्धांना तहान कमी जाणवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची आणि मानसिक आजाराची काही औषधे यांमुळेही उष्णता सहन करण्याची क्षमता कमी होते. ही औषधे स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांना भेटून मात्रेबद्दल विचारा.

वरच्या मजल्याचा धोका खरोखर असतो का?

हो. २००३ साली युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जणांचा मृत्यू झाला. त्यात वृद्ध मोठ्या संख्येने होते. नंतरच्या अभ्यासात छताच्या लगेच खाली झोपण्याची खोली असणे आणि घराला उष्णतारोधक थर नसणे, या दोन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या आढळल्या. आपल्याकडचे उदाहरण अहमदाबादचे आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तेथील शारदाबेन महापालिका रुग्णालयात, प्रसूती विभाग वरच्या मजल्यावरून खाली आणल्यावर उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्या बाळांचे प्रमाण घटले.

‘आपल्याकडे विदर्भासारखे ऊन कुठे असते?’ असे समजून गाफील राहू नका. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, तरी हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले. ती घटना उघड्यावरची होती, पण दमट हवेत चाळिशीच्या आतले तापमानही जीव घेऊ शकते हे तिने दाखवून दिले.

आधी आपले घर तपासा

साध्या भिंतीवरच्या थर्मामीटरने तीन दिवस दुपारी ३ वाजता आणि रात्री १० वाजता खोलीचे तापमान लिहून ठेवा. थर्मामीटर रुग्णाच्या खाटेजवळ, ऊन लागणार नाही असा ठेवा.

- दुपारी खूप ताप, रात्री लवकर उतार: हे पत्र्याचे लक्षण आहे. पत्रा पातळ असल्याने झटकन तापतो आणि झटकन निवतो.
- दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त उकाडा: हे स्लॅबचे लक्षण आहे. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य मावळल्यावर खाली सोडत राहते. रात्री छताला हात लावला तरी ते कोमट लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसा खोलीचे तापमान ३२ अंशांच्या खाली असावे. आपल्याकडे ते नेहमी जमणार नाही, पण रुग्णाच्या खोलीसाठी हे लक्ष्य डोळ्यासमोर ठेवा.

कोणता पर्याय कोणासाठी?

*१. पांढरा लेप.* उघडा स्लॅब उन्हाचा मोठा भाग शोषून घेतो, तर नवा पांढरा लेप बहुतेक ऊन परत पाठवतो. स्लॅबवर चुन्याचा लेप सर्वांत स्वस्त पडतो. पण पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास नव्याने द्यावा लागतो. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे गंज काढून, प्रायमर मारून ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. अशा लेपाने खोलीचे तापमान साधारण २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकते. धूळ बसली की परिणाम घटतो, त्यामुळे गच्ची मधूनमधून धुवा. अहमदाबादने अशी छते आपल्या उष्णता कृती आराखड्यात घेतली आहेत आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले.

*२. गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे.* याला चायना मोझॅक म्हणतात. खर्च जास्त, पण अनेक वर्षे टिकते. गळतीसाठी गच्चीचे काम निघालेच असेल, तर सोसायटीच्या सभेत हा पर्याय मांडा.

*३. छतावर सावली.* हिरवी जाळी किंवा ताडपत्री छताला चिकटवू नका, एक-दोन फूट उंचीवर बांधा. मधून हवा वाहिली तरच फायदा होतो. पावसाआधी ती काढून ठेवा. गच्चीवर कायमची पत्र्याची शेड उभारायची असेल, तर आधी सोसायटी आणि महापालिकेच्या परवानगीची चौकशी करा.

*४. चकाकणारी फॉइल शीट.* पत्र्याच्या घरासाठी ही उपयोगी आहे. ती पत्र्याला घट्ट चिकटवली तर उपयोग फार कमी होतो. पत्रा आणि शीट यांमध्ये किमान इंचभर पोकळी ठेवा आणि चकाकती बाजू त्या पोकळीकडे असू द्या.

*५. फोमचे बोर्ड आणि खनिज लोकर.* खरा उष्णतारोधक थर हाच. स्लॅबवर फोमचा बोर्ड टाकून वर काँक्रीटचा थर दिला, तर रात्रीचा त्रासही कमी होतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, नाहीतर गळती सुरू होते. घराच्या आतून थर लावायचा असेल तर रॉकवूल निवडणे सुरक्षित, कारण ती पेटत नाही. तिचे तंतू त्वचेला व घशाला खुपतात, म्हणून ती बोर्डाने पूर्ण झाकलेली हवी.

*६. खोटे छत.* पत्र्याखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाचे छत आणि मध्ये हवा खेळती ठेवणारी जाळी, ही जोडी चांगली. मात्र पंखा डोक्याच्या फार जवळ येणार नाही, एवढी उंची उरते का ते आधी मोजा.

हे धोके लक्षात ठेवा

- थर्माकोल: स्वस्त असल्याने अनेक जण पत्र्याखाली उघडा थर्माकोल लावतात. तो झटकन पेटतो आणि विषारी धूर सोडतो. गॅसची शेगडी, देवघरातील दिवा आणि उघड्या वायरी असलेल्या छोट्या खोलीत तो उघडा लावू नका.
- सिमेंटचे पत्रे: यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. कापताना किंवा घासताना उडणारे तंतू फुप्फुसात जातात आणि अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. अखंड पत्रा आहे तसा ठेवून वरून रंग देणे बरे.
- पडणे: सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. तो माणसाच्या वजनाने फुटतो.
- चुना: डोळ्यात गेल्यास डोळा जळतो. लगेच किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चोळू नका.
- ओल आणि बुरशी: गळते छत आतून झाकले तर पावसाळ्यात आत बुरशी वाढते. दम्याच्या रुग्णांना ते बाधते. आधी गळती थांबवा, मग थर लावा.

पैसे नसतील किंवा घर भाड्याचे असेल तर

- पोटमाळ्यावर कोणालाही झोपवू नका. गरम हवा वर साठते. रुग्णाची खाट खाली आणि छतापासून शक्य तितकी दूर ठेवा.
- दुपारी ऊन येणाऱ्या खिडकीवर बाहेरून पडदा किंवा जाळी लावा. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडा.
- दुपारचे दोन-तीन तास वृद्धांना खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे बसू द्या.
- ओल्या फडक्याने अंग पुसून पंखा लावा. खोली ४० अंशांच्या वर गेली तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. पाण्यावर चालणारा कूलर दमट हवेत फारसा उपयोगी पडत नाही.
- फ्रिज नसल्यास इन्सुलिन मडक्यात, पाणी लागणार नाही असे डब्यात घालून ठेवा. पत्र्याखालच्या फळीवर कधीही ठेवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एसी घेतला तर छताचे काम करायची गरज आहे का?*
आहे. तापलेल्या छताखाली एसी सतत चालतो, बिल वाढते आणि वीज गेली की खोली लगेच तापते.

*थराने हिवाळ्यात किंवा पावसात त्रास होतो का?*
नाही. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाजही कमी होतो. फक्त ओल शिरू देऊ नका.

*आधी काय करावे?*
आधी पांढरा लेप, मग सावली, त्यानंतर ऐपतीप्रमाणे उष्णतारोधक थर.

तातडीने मदत कधी घ्यावी?

व्यक्ती असंबद्ध बोलत असेल, झोपेत असल्यासारखी वाटत असेल, झटका आला असेल, बेशुद्ध पडली असेल किंवा अंग तापाने भाजत असेल, तर हा उष्माघात असू शकतो. घाम येत असला तरी उष्माघात नाही असे समजू नका. लगेच १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला छताखालून हलवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि पंख्याचा वारा द्या. मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार पाण्याची फडकी ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणी देऊ नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यामुळे गोळी देऊन वाट पाहू नका.

चक्कर, गोळे येणे, मळमळ, लघवी कमी आणि गडद होणे ही त्याआधीची सूचना असते. अशा वेळी व्यक्तीला थंड जागी न्या, थोडे थोडे ओआरएस, ताक किंवा लिंबूपाणी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर उन्हाळ्यात किती घ्यावे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबाबत आणि औषधांबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*