मॅशअप अल्बम आणि गाण्यांची मालकी : भारतीय गाणी, कतारचा कायदा

दोन किंवा अधिक प्रकाशित ध्वनिमुद्रणांतील गायन, वाद्यमेळ किंवा ताल एकमेकांवर बसवून केलेल्या रचनेला ‘मॅशअप’ म्हणतात. अशा रचनांचा संग्रह म्हणजे मॅशअप अल्बम. कव्हरमध्ये जुनी चाल नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित होते. मॅशअपमध्ये मूळ ध्वनिमुद्रणाचेच तुकडे वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

एका गाण्यावर एकाच व्यक्तीची मालकी क्वचितच असते. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचे किंवा कंपनीचे, असे किमान तीन स्वामित्वहक्क असतात. गायक-वादकांचे हक्क त्यांहून निराळे. त्यामुळे दोन गाण्यांच्या मॅशअपसाठी सहा किंवा अधिक परवानग्या लागू शकतात.

‘द ग्रे अल्बम’

या प्रकारातील सर्वांत गाजलेला वाद २००४ सालचा. डेंजर माउस या अमेरिकी निर्मात्याने जे-झीच्या ‘द ब्लॅक अल्बम’मधील (२००३) गायन आणि बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’मधील (१९६८) वादन यांतून ‘द ग्रे अल्बम’ घडवला. जे-झीचे वाद्यविरहित गायन स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेले होते. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांसाठी मात्र परवानगी नव्हती. ईएमआय कंपनीने वितरण थांबवण्याची नोटीस बजावली. तिचा निषेध म्हणून २४ फेब्रुवारी २००४ रोजी अनेक संकेतस्थळांनी तो अल्बम एक दिवस विनामूल्य उपलब्ध करून दिला. ‘पैसे घेतले नाहीत’ एवढ्याने परवानगीची गरज संपत नाही, हे या नोटिशीने दाखवून दिले.

भारतीय गाणी, अमेरिकी न्यायालये

‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेल्या आणि लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा अंश ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ (२००२) या गाण्यात वापरला गेला. लाहिरी यांना श्रेय दिल्याशिवाय त्याची पुढील विक्री करू नये, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ मध्ये दिला.

दुसऱ्या प्रकरणाचा निकाल उलटा लागला. ‘आराधना’तील (१९६९) ‘बागों में बहार है’ या गाण्याचा सुमारे एका सेकंदाचा तुकडा टिंबालँड या निर्मात्याने वापरल्याबद्दल सारेगामाने दावा लावला. परंतु ग्रामोफोन कंपनी आणि शक्ती फिल्म्स यांच्यातील १९६७ च्या करारानुसार त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आता सारेगामाकडे नाही, असा निष्कर्ष काढून अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये दावा फेटाळला. तबकडीवर जिचे नाव असते तीच कंपनी मालक असते असे नाही; मालकी करारातील शब्दांवर ठरते.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-सी पाच वर्षे उलटलेल्या गाण्याचे कव्हर करण्यास, पूर्वसूचना आणि मानधन देऊन, मुभा देते. मूळ ध्वनिमुद्रण कापून जोडण्यास या कलमाचा आधार मिळत नाही.

कतारमध्ये काय लागू होते?

कतार १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा आणि २००० मध्ये बर्न कराराचा सदस्य झाला. भारतही दोन्हींचा सदस्य आहे. त्यामुळे भारतीय गीते आणि चालींना दोह्यात संरक्षण मिळते. मात्र ते कतारच्या कायद्यानुसार, म्हणजे २००२ च्या कायदा क्र. ७ नुसार. या कायद्यात ध्वनिमुद्रणांचे निर्माते आणि कलाकार यांचे हक्कही येतात. कर्त्याचे नाव देणे आणि कृतीची विकृती रोखणे हे नैतिक हक्क आर्थिक हक्कांहून स्वतंत्र मानलेले आहेत.

दोन्ही देशांतील मुदत सारखी नाही. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर कतारच्या या कायद्यात ५० वर्षे. ‘गीतरामायणा’चे कवी ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांचे संरक्षण भारतात २०३७ अखेरपर्यंत आहे. शब्द ही स्वतंत्र कृती धरली, तर कतारमध्ये ते २०२७ अखेर संपते. तथापि संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये निवर्तल्यामुळे चालींवरील हक्क दोन्हीकडे पुढे कित्येक दशके टिकून राहतील. शब्द मोकळे झाले म्हणजे गाणे मोकळे झाले, असे नव्हे.

गणेशोत्सवासाठी किंवा स्नेहसंमेलनासाठी दोह्यात तयार केलेला मॅशअप रंगमंचावर वाजतो तेव्हा प्रश्न कतारच्या कायद्याचा असतो. तोच यूट्यूबवर चढवला की तो भारतातही ऐकला जातो आणि तेथील हक्कधारक तेथील कायद्याने दाद मागू शकतात. म्हणून परवाना घेताना तीन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते : तो शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांपैकी कशाकशाचा आहे; कोणत्या देशांत चालतो; आणि त्यात फेरफार करण्याची मुभा आहे का. केवळ गाणे वाजवण्याचा परवाना हा ते कापून जोडण्याचा परवाना नसतो.