विद्येचा जमाखर्च
विद्येने मनुष्य शहाणा होतो, असे आपण सारेच म्हणतो. जोतीराव फुल्यांनी मात्र विद्येचा जमाखर्च मांडला, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. ज्या कागदावर अंगठा उठवला, त्यात काय लिहिले आहे हे कित्येकांना वाचता येत नव्हते! पुढे १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी विचारले, की तिजोरी रयतेच्या घामाने भरते, तर शिक्षणाचा पैसा वरिष्ठ वर्गांकडे का वाहतो? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. वाचन, लेखन, हिशेब आणि त्यांच्या जोडीला शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्या. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले, प्रसंगी नांगर धरणारे नेमा, ही त्यांची मागणी. सक्तीच्या शिक्षणासाठी गोखल्यांनी १९११ साली आणलेले विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. साऱ्या देशासाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला तो २००९ साली, म्हणजे जोतीरावांच्या निवेदनानंतर १२७ वर्षांनी. एवढ्या दिरंगाईचे व्याज कोणी भरले? ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या अंगठाच उठत राहिला, त्यांनी.